उदगीर ते पानिपत: 86 मिनिटं आणि 346 दिवस

उदगीरचा किल्ला आणि पानिपतचं रणांगण जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत. उदगीर 77.1 अंश पूर्वेला, पानिपत 77 अंशांवर. मध्ये 11 अक्षांश. एका अक्षांशाला 111 किलोमीटर धरले तर सुमारे 1,220 किलोमीटर. उदगिरातून नाकासमोर उत्तरेला निघालं, तर एवढ्या वाटेत पश्चिमेला सरकावं लागतं ते जेमतेम पंधरा किलोमीटर. ताशी 850 किलोमीटर वेगाच्या विमानाला ही सरळ वाट 86 मिनिटांची.

3 फेब्रुवारी 1760 रोजी मराठा सेनापती सदाशिवरावभाऊंनी उदगीरला निजामाला नमवलं आणि 60 लाखांचा मुलूख मिळवला. 14 जानेवारी 1761 रोजी पानिपतची लढाई झाली. मध्ये 346 दिवस गेले, म्हणजे 4,98,000 मिनिटं!

हे सगळे दिवस चालण्यात गेले नाहीत, म्हणून निव्वळ कूच पाहू. मार्चच्या मध्यात फौजेनं मराठवाड्यातलं परतूर सोडलं, ऑगस्टच्या आरंभी दिल्ली घेतली. सरळ रेषेत हजार किलोमीटर, साडेचार महिने. दिवसाला सात-साडेसात किलोमीटर. धडधाकट माणूस एवढं अंतर दोन तासांत चालतो. पण इथे इब्राहिमखान गारद्याच्या जड तोफा होत्या, त्या ओढणारे बैल होते, बाजारबुणगे, बायकामुलं, उत्तरेच्या तीर्थांची आस धरून निघालेले हजारो यात्रेकरू होते. रोज एवढ्यांची दाणावैरण गोळा करायची, वाटेत नर्मदा आणि चंबळ उतरायची. पुढे आग्र्यापाशी यमुना पुरानं अडवून बसलेली. भाऊंवर दिरंगाईचा ठपका ठेवणाऱ्यांनी आधी हा हिशेब मांडावा, असं मला मनापासून वाटतं.

त्याच मुलखात बातमी मात्र किती वेगानं पळत होती! पानिपतच्या पराभवाची खबर एका सावकारी पत्रातून दहाच दिवसांत, 24 जानेवारीला, भेलशाजवळ (आजचं विदिशा) नानासाहेब पेशव्यांच्या हाती पडली. सरळ रेषेत साडेसहाशे किलोमीटर, म्हणजे दिवसाला 65. फौजेच्या जवळपास नऊपट.

आणि तोही वेग कधी कधी अपुरा पडे. उदगीरचा विजय झाला तेव्हा दिल्लीजवळ बुराडी घाटावर मराठा सरदार दत्ताजी शिंदे पडून 24 दिवस उलटले होते. त्यांच्या मृत्यूच्या ज्या बातमीनं ही फौज उत्तरेकडे वळवली, ती मराठवाड्यातल्या छावणीत पोहोचली तोवर फेब्रुवारी उजाडला होता.

आज उदगीरहून दिल्लीला उडायचं तर आधी नांदेड किंवा हैदराबाद गाठावं लागतं. हैदराबाद तर उलट्या दिशेला. तिथल्या विमानतळापर्यंत गाडीचे चार-पाच तास, पुढे विमानाचे सव्वादोन. इतिहासाच्या शिक्षकांना एकच विनंती: उदगीर आणि पानिपत हे दोन धडे शिकवताना मुलांना फळ्यावर अंतराला दिवसांनी भागायला लावा.