धूळ उंदराची आणि आपली

जामखेड-पाथर्डीकडे ज्वारीची मळणी म्हटली की नाका-डोळ्यांत धूळ आलीच. मोठे कण शिंकेतून, बेडक्यातून पडतात. बारीक माती मात्र फुफ्फुसाच्या तळाशी पोचते. तिथल्या भक्षक पेशी ती गिळतात. प्रयोगशाळेतल्या उंदराच्या पेशी ती वर श्वासनळीकडे आणतात. न विरघळणारी निम्मी धूळ साधारण दोन महिन्यांत बाहेर पडते. आपल्याला त्यालाच वर्षाहून जास्त लागतं, कारण बरेच कण फुफ्फुसाच्या भिंतीतच जाऊन बसतात. म्हणजे यंदाची निघायच्या आत पुढची मळणी हजर! चुलीची काजळी वेगळीच. पदर बांधला तरी ही बारीक धूळ आरपार जाते. एन-९५ मास्क लावा, मशीनपाशी वाऱ्याकडे पाठ करून उभ्या राहा.