जुन्या मोटारीचें इंजिन मध्येंच कां थांबतें?



जुनी मोटार चालतां चालतां थांबली, म्हणजे जमलेल्या मंडळींपैकीं निम्मी 'कार्ब्युरेटरांत कचरा' म्हणतात, आणि उरलेलीं 'पेट्रोल संपलें असेल' म्हणतात. मी व्यवसायानें शाळामास्तर, कारागीर नव्हे. तथापि गेल्या उन्हाळ्यांत इंग्लंडांत मुलीकडे राहिलों असतां या निदानाची परीक्षा पाहण्याचा योग आला.

माझे जांवई ऑक्सफर्डजवळ राहतात. त्यांच्यापाशीं उघड्या टपाची, दोन आसनांची एक जुनी एम. जी. बी. आहे. या जातीच्या गाड्या तेथून जवळच असलेल्या ॲबिंग्डन गांवीं १९६२ पासून १९८० पर्यंत तयार होत असत. इंजिन चार सिलिंडरांचें, १७९८ घन सेंटीमीटरचें. यांच्या गाडीला कार्ब्युरेटर दोन. आणि ठिणगीची सारी व्यवस्था जुन्या पद्धतीची, संगणकाचें नांव नाहीं.

गाडीचा रोग असा, कीं सकाळीं पहिल्याच प्रयत्नांत सुरू व्हावी, अर्धा-पाऊण तास झकास पळावी, आणि मग ठसकत ठसकत भर रस्त्यांत बंद पडावी. वीस मिनिटें विसांवा दिला कीं पुन्हां निर्दोष! जांवयांनीं दोन वेळां कार्ब्युरेटर खोलून धुतले. पुढें एकदां चौकांत बंद पडली, तेव्हां मागून येणारी मालमोटार हातभर अंतरावर येऊन थांबली. त्या दिवसापासून मुलगी गाडींत बसेनाशी झाली, आणि गाडी विकण्याचें जवळजवळ ठरलेंच.

मीं विचारलें, "जांवईबापू, बंद पडल्याबरोबर तुम्हीं ठिणगी पाहिली होती का?"

"नाहीं, बाबा. पण कारखान्यांत पाहिली, तेव्हां उत्तम होती."

मेख होती ती येथेंच. कारखान्यांत पोंचेतों इंजिन थंड होतें. म्हणजे ताप उतरल्यावर रोग्याला वैद्याकडे नेण्यासारखें झालें!

इंजिनाला तीन गोष्टी लागतात: पेट्रोल व हवा यांचें योग्य मिश्रण, सिलिंडरांत पुरेसा दाब, आणि वेळेवर पडणारी ठिणगी. गेलेला दाब वीस मिनिटांच्या विश्रांतीनें सहसा परत येत नाहीं, म्हणून तो प्रश्न बाजूस ठेवला. पेट्रोलाचा संशय मात्र रास्त होता, कारण उष्णतेनें तें नळींत किंवा कार्ब्युरेटरांत उकळूं लागलें, तरी गाडी अशीच थांबते व निवल्यावर चालते. दोहोंचा निवाडा गाडी तापलेली असतांनाच करावयास हवा. तोही ठिणगीपासून, कारण तप्त इंजिनावर पेट्रोल सांडून मग ठिणगी पाडणें हा आत्मघात आहे.

एका रविवारीं आम्ही मुद्दाम दूर गेलों. परततांना गाडी ठसकूं लागतांच ती रस्त्याच्या कडेस घेतली. कॉइलपासून डिस्ट्रिब्यूटरकडे जाणारी जाड तार काढून, कपडे वाळत घालावयाच्या लांकडी चिमट्यांत धरली, आणि इंजिनाच्या धातूपासून पाव इंचावर ठेवून किल्ली फिरविली. निरोगी ठिणगी निळसर असते व तिचा तडतडाट ऐकूं येतो. आमची पिंवळी, बारीक, तीहि मधूनमधून. डिस्ट्रिब्यूटरचें झांकण काढून पाहिलें, तों पॉइंट उघडतांना तेथें मात्र मोठी ठिणगी उडत होती.

याचा अर्थ शाळेंतील प्रेरण-कॉइल आठवली म्हणजे उमजतो. पॉइंट मिटले कीं कॉइलमध्यें चुंबकत्व सांठतें. उघडले कीं तें एकदम नाहींसें होतें, आणि त्यामुळें बारा व्होल्टांपासून हजारों व्होल्टांचा दाब उत्पन्न होतो. तें जितकें झटकन् नाहींसें होईल तितकी ठिणगी जोरदार. हें मूळ तत्त्व फॅरडेनें १८३१ सालीं दाखविलें. पण पॉइंट उघडतांना प्रवाह त्या फटींतून उडी मारूं पाहतो, आणि मग चुंबकत्व रेंगाळतें. यावर उपाय म्हणून फ्रान्समधील फिझो यानें १८५३ सालीं कंडेन्सर जोडला. तो त्या क्षणीं प्रवाह स्वतःमध्यें घेतो. मोटारींतला कंडेन्सर अंगठ्याएवढी धातूची डबी असते. तिच्या आंतील जोडणी कधीं कधीं उष्णतेनें सुटते व निवल्यावर पुन्हां जुळते.

जांवई पॉइंट आणि कंडेन्सर दोन्ही बदलावयास निघाले. मीं थांबविलें, दोन्ही बदलले असते तर अपराधी कोण हें कळलें नसतें. एकटा कंडेन्सर बदलला, आणि तें तापलेलेंच इंजिन तत्काळ सुरू झालें. गंमत अशी, कीं काढलेला कंडेन्सर वर्षापूर्वींच बसविलेला. नवा म्हणूनच कोणीं त्याचा संशय घेतला नव्हता. जळके पॉइंट घरीं येऊन बदलले व त्यांची फट ०·३५ ते ०·४० मिलिमीटरच्या दरम्यान लावली.

निरपराध कार्ब्युरेटरांची विस्कटलेली घडी बसविणें हेंच जास्त कष्टाचें ठरलें. रबरी नळीचें एक टोंक कानाशीं व दुसरें आळीपाळीनें प्रत्येक कार्ब्युरेटरच्या तोंडाशीं धरून, दोहोंचा फुत्कार सारखा करावयाचा. मग पिस्टन किंचित् उचलून पाहावयाचा: इंजिनाचा वेग वाढून तसाच राहिला तर पेट्रोल जास्त, इंजिन बंद पडूं लागलें तर कमी, क्षणभर वाढून पूर्ववत् झाला तर मिश्रण बरोबर. या कामांत संध्याकाळ झाली.

पुढच्या रविवारीं मुलगी आणि जांवई त्याच गाडीनें ॲबिंग्डनला गेलीं. आसनें दोनच असल्यामुळें मी मागून बसनें गेलों.