डोंग्याला मोटर लावायच्या आधी

आजचा विषय जरा वेगळा आहे. आपल्या भागात मासेमारी करणारे आणि शिंगाडा लावणारे गट बरेच. त्यांच्यातल्या बायका अलीकडे एक प्रश्न विचारू लागल्यात, की ई-रिक्षा बॅटरीवर चालते, तर आपला डोंगा का चालू नये? चालतो. गावात तयारही करता येतो. पण त्यात गटाचा पैसा जातो आणि आपला जीव पाण्यावर असतो. म्हणून काय घ्यायचं, किती घ्यायचं आणि कशाच्या वाटेला जायचं नाही, ते हिशेबाने बघू. कागद-पेन जवळ असेल तर घ्या.

आपला गोंदिया जिल्हा तलावांचा. कोहळी समाजाने बांधलेले जुने तलाव, गावोगावच्या बोड्या, आणि गोरेगावजवळ कटंगीसारखं धरण. मामा तलाव म्हणतो ना आपण, तो मामा म्हणजे आईचा भाऊ नव्हे. माजी मालगुजारी, त्याची ही पहिली अक्षरं. १९५१ मध्ये मालगुजारी गेली आणि हे तलाव सरकारकडे आले, पण त्यात जाळं टाकणारे ढिवर पिढ्यान् पिढ्या तेच. झाडाचं खोड कोरून केलेला डोंगा आणि ढकलायला लांब बांबू. शिंगाडा तोडणाऱ्या बायका तर कुठे कुठे फुगवलेल्या ट्यूबवर बसून दिवसभर पाण्यात असतात. बॅटरीची मोटर आली तर जाणं-येणं आणि ओझं ओढणं सोपं होईल, एवढीच आपली अपेक्षा आहे.

आधी एक गोष्ट बाजूला काढू. मोबाईलवर तुम्ही पाहिलं असेल, माणूस फळीवर उभा आहे आणि फळी पाण्यावरून सुसाट पळते आहे. गावातल्या पोट्ट्यांना तेच करून बघायचं असतं. ती फळी पाण्याच्या वर उचलली जाऊन पळते, आणि तेवढ्यासाठी कित्येक हजार वॅटची मोटर लागते. त्या मोटरीची लिथियम बॅटरी माणसाच्या पायाखालीच असते. जुन्या लॅपटॉपचे सेल जोडून घरी तसली बॅटरी केली आणि तिच्यात पाणी शिरलं, तर ती पेट घेऊ शकते, आणि ती आग सहज विझत नाही. आपल्याला पळायचं नाही, ओझं न्यायचं आहे. तेव्हा फळी सोडा, नाव बघा.

आता पहिला हिशेब, तरंगण्याचा. मोटर नंतर. एक लिटर पाणी बाजूला सारलं की एक किलो वजन उचललं जातं, हा निसर्गाचा नियम. दोनशे लिटरचा बंद प्लास्टिक ड्रम पूर्ण बुडाला तर दोनशे किलो तोलतो. पण आपण ड्रम पूर्ण बुडू द्यायचा नाही, अर्धाच बुडू द्यायचा. वरचा अर्धा भाग लाटेसाठी, चुकीसाठी आणि कोणी एका बाजूला झुकली तर त्यासाठी राखून ठेवायचा. असे चार ड्रम घेतले तर हाती किती? चारशे किलो. आठशे नाही.

आता ओझं मांडा. चार ड्रमांचं स्वतःचं वजन धरा चाळीस किलो. बांबूचा सांगाडा आणि फळ्या साठ. दोन बाया एकशे दहा. बॅटरी तीस. मोटर आणि तिची बैठक दहा. शिंगाड्याची पोती किंवा मासळी शंभर. झाले साडेतीनशे. चारशेच्या आत आहे, चालेल. पण "मलाही सोडा ना पलीकडे" म्हणत तिसरी बाई चढली की ४०५ होतात, आणि हिशेब मोडतो. नात्यातली असली तरी मोडतो.

ड्रम दोन ओळींत लावा, मध्ये मोकळी जागा ठेवा, आणि बाहेरच्या कडा एकमेकींपासून निदान पाच फूट लांब असू द्या. नाव रुंद असली की डुलते कमी. नुसत्या एका डोंग्याला मोटर लावू नका, असं माझं मत आहे. त्याचं बूड गोल आणि अंग अरुंद असतं, मोटर मागे लटकली की टोक खाली जातं आणि वळताना तो कलतो. डोंगाच वापरायचा तर दोन डोंगे शेजारी ठेवून आडव्या बांबूंनी घट्ट जोडा. ड्रम घेताना कीटकनाशकाचे किंवा रसायनाचे घेऊ नका, मासळी त्याच फळ्यांवर ठेवणार आहात. आणि जमलं तर चार मोठ्या ड्रमांऐवजी जास्त लहान कॅन घ्या. एक फुटला तरी बाकीचे तोलतात.

माणूस बसण्याआधी नाव गुडघाभर पाण्यात न्या आणि तेवढ्याच वजनाची रेतीची पोती ठेवा. मग सगळी पोती एका कडेला सरकवा. ती कड पाण्याखाली गेली तर सांगाडा अजून रुंद करा. नाव तोलली तर पाणी जिथवर आलं तिथे रंगाची रेघ मारा. रोज निघताना ती रेघ दिसली पाहिजे. दिसली नाही तर कोणीतरी उतरायचं.

दुसरा हिशेब बॅटरीचा. तुमच्या वीजबिलावर युनिट असतं ना, ते म्हणजे एक हजार वॅट एक तास. १२ व्होल्ट आणि १०० अँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे १२०० वॅट-तास, सव्वा युनिटच्या आसपास. पण शिशाची बॅटरी पूर्ण उतरवली तर लवकर मरते. म्हणून अर्धीच वापरायची, सहाशे वॅट-तास. लहान मोटर पूर्ण वेगात साधारण ३० अँपिअर ओढते. म्हणजे कागदावर दीड तासाच्या थोडं वर, प्रत्यक्षात त्याहून कमी. तीच मोटर हळू चालवली, १२ अँपिअरवर, तर चार तास मिळतात.

इतका फरक का पडतो? धानाच्या बांधीत चिखलातून चालताना घाई केली की पाय जास्त रुततो आणि दम लागतो, तसं पाण्याचं आहे. नावेचा वेग दुप्पट करायचा तर ताकद दुप्पट लागत नाही, जवळजवळ आठपट लागते. म्हणून जी हळू जाते ती लांब जाते. माणूस काठाने सावकाश चालतो त्या वेगाने नाव न्यायची. कोणी म्हणेल, मग बांबूनेच ढकलू! पण शंभर किलो शिंगाडा घेऊन वाऱ्याविरुद्ध यायचं असतं तेव्हा मोटरीची किंमत कळते.

बॅटरी कोणती? जीप-ट्रॅक्टरची नको. ती स्टार्टरला क्षणभर जोर देण्यासाठी केलेली असते, तासन् तास चालण्यासाठी नाही. इन्व्हर्टरची उंच बॅटरी पन्नास किलोच्या घरात जाते आणि नाव कलली की अ‍ॅसिड सांडतं. ई-रिक्षातली एक बॅटरी बरी, साधारण तीस किलोची. लिथियम-आयर्न-फॉस्फेटची तेवढ्याच क्षमतेची बॅटरी बारा-तेरा किलोची असते आणि तिचा बराचसा भाग वापरता येतो, पण महाग. घ्यायची तर तयार, बंद डब्यातली, तिच्याच चार्जरसकट. बॅटरी नावेच्या मध्यभागी, फळ्यांना पट्ट्याने बांधून ठेवा. नाव कलली आणि तीस किलोचं ओझं घसरलं तर नाव उलटायला तेवढं पुरतं.

मोटरीचं आता थोडक्यात. ट्रोलिंग मोटर नावाची तयार मोटर मिळते. ती पाण्याखालीच राहते, पाण्यानेच थंड होते, तिचा पंखा मोठा आणि सावकाश फिरणारा असतो. तिची ताकद पौंडात सांगतात, आपल्या चारशे किलोला ३० ते ४० पौंडाची पुरते. ई-रिक्षाची मोटर काढून लावण्याची युक्ती ऐकायला छान, पण तिला पाणी चालत नाही, आणि चार बॅटऱ्यांचं ४८ व्होल्ट ओल्या हाताजवळ मला नको वाटतं. १२ व्होल्टवर थांबा.

मोटर कुठे चालवायची नाही, हे जास्त महत्त्वाचं. शिंगाड्याच्या वेलात, जलपर्णीत आणि दुसऱ्याच्या जाळ्यावरून तर नाहीच. वेल पंख्याला गुंडाळले की मोटर अडते, जास्त करंट ओढते आणि जळते. जाळं तुटलं तर भांडण वेगळंच. वेलाजवळ आलो की मोटर बंद करून वर उचला आणि बांबू हातात घ्या. म्हणून बांबू नावेत कायम असू द्या. पदर किंवा ओढणी मोकळी सोडून मोटरीजवळ बसू नका.

तार जाड आणि आखूड घ्या, म्हणजे ती तापत नाही. बॅटरीच्या लाल टोकाजवळच ४० किंवा ५० अँपिअरचा फ्यूज लावा. फ्यूज उडाला तर तिथे तारेचा तुकडा जोडू नका, घरात करतो तसं. मोटर बंद करणारी दोरी चालवणारीच्या मनगटाला बांधलेली असावी. ती पाण्यात पडली की दोरी ओढली जाते आणि पंखा थांबतो. शिशाची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन वायू सोडते. म्हणून स्वयंपाकघरात, चुलीजवळ किंवा दिव्याजवळ ती लावू नका. अर्धी उतरलेली बॅटरी भरायला जवळपास एक युनिट वीज लागते. शंभर वॅटचा सोलर पॅनल चांगल्या उन्हात दिवसाला चारशे-पाचशे वॅट-तास देतो, म्हणजे एका दिवसाचं बरंचसं काम. पॅनल काठावरच ठेवा, नावेवर छत केलं तर वारा धरतो.

हे सगळं नवीन आहे असं समजू नका. रशियात याकोबी नावाच्या शास्त्रज्ञाने १८३९ मध्ये नेवा नदीवर चौदा माणसं बसवून बॅटरीची नाव चालवली होती. १८८१ मध्ये गुस्ताव्ह त्रुव्हे यांनी पॅरिसच्या सीन नदीत नावेच्या मागे लावायची विजेची मोटर चालवली. पुढे पेट्रोल-डिझेलने ते मागे पडलं. आपल्या देशात केरळच्या वैकोमला वेंबनाड तलावावर २०१७ पासून 'आदित्य' ही ७५ प्रवाशांची सौर बोट रोज फेऱ्या मारते. तिलाही दोन पोटं शेजारी जोडलेली आहेत, आपल्या दोन ओळींच्या ड्रमांसारखी.

आता जॅकेट. ऐकताना कंटाळा आला असेल तरी इथे कान द्या. जानेवारी २०२४ मध्ये गडचिरोलीच्या चामोर्शी तालुक्यात मिरची तोडायला निघालेल्या बायांची नाव वैनगंगेत उलटली आणि सहा जणी गेल्या. त्या नावेला मोटर असती तरी काय झालं असतं? मोटर बुडणाऱ्याला धरत नाही. आपल्यात पोहता येणाऱ्या किती जणी आहेत, ते तुम्हीच मोजा. नऊवारी असो की पाचवारी, भिजली की पायात गुंतते. म्हणून गटाची पहिली खरेदी जॅकेटांची, जितक्या जणी बसतील तितकी, आणि मोटर पैसे उरले तर. फुगवलेली ट्यूब म्हणजे जॅकेट नव्हे, ती हातातून सुटते. जॅकेटचे पट्टे आवळून एकदा कमरेएवढ्या पाण्यात सगळ्यांनी घालून बघा, खांदे वर सरकले तर ते सैल आहे. आणि नाव उलटलीच तर काठाकडे पोहत सुटू नका. ड्रम तरंगतात, त्यांना धरून राहा आणि हाक मारा.

परवानगीचं असं आहे. तलावाचा ठेका ज्या मत्स्य संस्थेकडे आहे तिची, आणि तलाव ज्यांच्या ताब्यात आहे त्या ग्रामपंचायतीची, जिल्हा परिषदेची किंवा पाटबंधारे विभागाची, दोन्हीकडची लेखी परवानगी घ्या. पैसे घेऊन माणसं पलीकडे सोडायचा विचार असेल तर यंत्राच्या नावांसाठी २०२१ चा जलयान कायदा आहे, आधी त्याची चौकशी करा. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत वनविभागाला विचारल्याशिवाय नाव उतरवू नका. बॅटरीची नाव आवाज करत नाही, म्हणून सारसाच्या घरट्याजवळ कळत नकळत जाल. लांबूनच वळा.

शेवटचं बॅटरीच्या वहीबद्दल. गटाच्या रजिस्टरात एक पान तिच्यासाठी ठेवा. कोणी नेली, किती वेळ चालवली, कधी चार्जला लावली आणि काढली, रोज लिहा. एकीच्याच घरी चार्ज होत असेल तर तिच्या वीजबिलाचा वाटा गटाने द्यावा, नाहीतर चार महिन्यांत रुसवे सुरू होतात. उन्हाळ्यात तलाव आटला आणि नाव काठावर आली की बॅटरी तशीच पडू देऊ नका. ती पूर्ण भरून ठेवा, महिन्यातून एकदा पुन्हा चार्जला लावा, आणि लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशा कोरड्या जागी ठेवा.