सीताफळाचे थंडीतले भावंड

नवरात्र सरत आले की पाचोऱ्याच्या बाजारात अजिंठ्याच्या डोंगराकडची सीताफळे दिसू लागतात. डोळे फाकलेले, खाचांत पिवळसर झाक आलेले फळ गिऱ्हाईक आधी उचलते. साधारण त्याच सुमारास, सप्टेंबर-ऑक्टोबरात, अमेरिकेतल्या ओहायो, केंटकी, मिसुरी या राज्यांत नदीकाठच्या रानांतून याच कुळातले एक फळ पिकून झाडाखाली पडत असते. त्याचे नाव पॉपॉ, शास्त्रीय नाव असिमिना ट्रायलोबा. पपईशी त्याचे काही नाते नाही. ते सीताफळ-रामफळाच्या घरातले. हिरवी साल, आत पिवळा मऊ गर, चपट्या मोठ्या बिया आणि केळे-आंब्याच्या मधली चव. सप्टेंबर १८०६ मध्ये लुईस आणि क्लार्क या शोधप्रवाशांची मोहीम मिसुरी नदीने परतत असताना शिधा संपला, तेव्हा त्या लोकांनी याच फळावर दिवस काढले.

सीताफळाच्या कुळात दोन हजारांवर जाती आहेत आणि जवळपास सगळ्या उष्ण प्रदेशातल्या. खुद्द सीताफळही मूळचे उष्ण अमेरिकेचेच. पॉपॉ मात्र उणे २५ अंश सेल्सिअसची थंडी सोसतो आणि कॅनडाच्या दक्षिण टोकापर्यंत रानात वाढतो. हे त्याला जमते कसे?

उत्तराचा एक धागा आपल्या परसातही तपासता येतो. हिवाळ्याच्या अखेरीस सीताफळाचे पिवळे पडलेले पान अलगद तोडा. देठाचे बूड आतून पोकळ दिसेल आणि त्याखाली झाकलेला पालवीचा डोळा. पान गळल्याशिवाय तो फुटत नाही. कोरडा उन्हाळा निभावण्याची ही सोय. पॉपॉचा डोळा उघडाच असतो, वर तपकिरी मखमली लव. शरदात पाने पिवळी होऊन गळतात आणि झाड गाढ झोपी जाते. त्या झोपेतून उठायलाही त्याला थंडीच लागते. सुमारे ४०० तास सात अंशांच्या खालचा गारवा मिळाला नाही, तर वसंतात ते नीट फुटत नाही. पाचोऱ्यात पारा सात अंशांखाली क्वचितच जातो आणि मे महिन्यात तो पंचेचाळिशीला भिडतो. त्यामुळे इथे पॉपॉ लावण्याच्या फंदात पडू नये, हे माझे स्पष्ट मत.

पण ज्यांची मुले-नातवंडे बर्फाच्या मुलखात घर करून आहेत, त्यांनी त्यांच्या अंगणासाठी हे झाड जरूर सुचवावे. बी कधीही वाळू देऊ नये. सीताफळाचे बी वाळवून ठेवले तरी उगवते, पॉपॉचे मरते. ओलसर शेवाळात गुंडाळून ते फ्रीजमध्ये सुमारे तीन महिने ठेवावे, मग पेरावे. सोटमूळ खोल जाते, म्हणून उंच कुंडी घ्यावी आणि जमिनीत लावताना मुळे दुखवू नयेत. पहिली एक-दोन वर्षे कोवळ्या रोपाला सावली हवीच. मोठ्या झाडाला मात्र भरपूर ऊन मिळाले तर फळ चांगले येते. बियांच्या झाडाला फळे यायला सहा-आठ वर्षे लागतात, कलमाला त्याच्या निम्मी. केंटकी स्टेट युनिव्हर्सिटीत १९९० पासून या फळावर संशोधन चालू आहे आणि ‘शेनंडोआ’, ‘सस्क्वेहॅना’ अशा निवडक वाणांची कलमे मिळतात. दोन वेगवेगळ्या वाणांची झाडे लावणे मात्र अत्यावश्यक.

ते का, हे कळायला फुलाकडे यावे लागते, आणि इथे दोन्ही भावंडांचे दुखणे एकच आहे. झाड फुलांनी लगडते, फळे बोटांवर मोजण्याइतकी, ही तक्रार पाचोऱ्यातल्या परसातही ऐकू येते. सीताफळाचे फूल हिरवट, तीन जाड पाकळ्यांचे, खाली लोंबणारे. सुरुवातीला पाकळ्या जेमतेम फाकतात. तेव्हा आतले स्त्रीकेसर चिकट आणि परागाला तयार असतात. पाकळ्या पुरत्या उघडून पुंकेसरांतून पराग सुटेपर्यंत स्त्रीकेसरांची वेळ टळलेली असते. म्हणजे फुलाला स्वतःचा पराग सहसा उपयोगी पडत नाही. मधमाश्याही इकडे फारशा फिरकत नाहीत. हे काम करतात पाकळ्यांच्या फटीतून आत शिरणारे बारीक भुंगेरे. त्यात एप्रिल-मेच्या खान्देशी उन्हात स्त्रीकेसर लवकर सुकतात, म्हणून बरीच फुले गळतात. मृगाच्या पावसाने हवेत ओल आली की फळधारणा सुधारते.

सीताफळाचा एकेक डोळा म्हणजे फुलातला एकेक स्त्रीकेसर. काहींपर्यंत पराग पोचलाच नाही, तर फळ एका बाजूने चेपलेले, वाकडे निघते. पॉपॉत हे स्त्रीकेसर एकमेकांना चिकटत नाहीत. प्रत्येकाचे वेगळे फळ होते. त्यामुळे एकाच फुलातून केळीच्या फणीसारखा घोस लोंबतो. त्याचे फूल गडद किरमिजी आणि किंचित कुजकट वासाचे. माश्या आणि भुंगेरे त्या वासावर येतात. शिवाय बहुतेक पॉपॉ झाडे स्वतःचा पराग स्वीकारतच नाहीत. रानात मुळांतून फुटवे फुटून अख्खी झाडी एकाच झाडाची बनते आणि वर्षानुवर्षे वांझ राहते.

यावरचा इलाज ओहायोत आणि पाचोऱ्यात एकच: मऊ ब्रश. पुरत्या उघडलेल्या फुलांतला पराग सकाळी लवकर वाटीत झटकून घ्यावा आणि ऊन चढण्याआधी अर्धवट फाकलेल्या फुलांत ब्रशने अलगद फिरवावा. पॉपॉसाठी पराग दुसऱ्या वाणाच्या झाडाचा घ्यावा. फळे संख्येने तर वाढतातच, शिवाय सीताफळे चहूबाजूंनी भरलेली, गोल होतात.

पानांच्या बाबतीतही ही भावंडे सारखीच. डोंगरावर शेळ्या सगळे ओरबाडतात, सीताफळ मात्र सोडून देतात. अमेरिकेत हरणे पॉपॉला तोंड लावत नाहीत. अ‍ॅसिटोजेनिन या कडवट, विषारी रसायनांची ही करामत. सीताफळाच्या बियांची पूड उवांवर वापरतात तीही यामुळेच. पण ती डोळ्यांत गेली तर गंभीर इजा होते, म्हणून तो उपाय टाळावा. हे विष पचवणारी फुलपाखरे मात्र आहेत. तिकडच्या झेब्रा स्वॅलोटेलच्या अळ्या फक्त पॉपॉ आणि त्याच्या सख्ख्या जातींची पाने खातात. आपल्याकडे हिरव्या ठिपक्यांचे टेल्ड जे सीताफळाच्या आणि आसुपालवाच्या कोवळ्या पानांवर अंडी घालते. ही दोन्ही फुलपाखरेसुद्धा एकाच गटातली.

तेव्हा सीताफळावर चार पाने कुरतडलेली दिसली, तर लगेच फवारणीचा पंप काढू नका. एवढ्याने जोमदार झाडाचे काही बिघडत नाही. बहराच्या काळात कीटकनाशक मारले, तर अळ्यांबरोबर फळे धरवणारे भुंगेरेही मरतात.