चांदीचे पाणी आणि निळी त्वचा

२००२ साली अमेरिकेतील मोंटाना राज्यातून सिनेटची निवडणूक लढवणाऱ्या स्टॅन जोन्स यांची त्वचा निळसर-राखाडी झाली होती. २००० साल उजाडताच संगणक कोलमडून प्रतिजैविकांचा तुटवडा पडेल, या भीतीने ते १९९९पासून घरीच चांदीचे पाणी बनवून पीत होते.

शुद्ध पाण्यात चांदीच्या दोन तारा बुडवून बॅटरी जोडली, की चांदीचे आयन आणि सूक्ष्म कण पाण्यात उतरतात. उजेडाने हे पाणी काळवंडते, म्हणून ते गडद काचेच्या बाटलीत ठेवतात. शरीरात गेलेली चांदी त्वचेत साचते आणि तिथेही उजेडाने अशीच काळवंडते. हा रंग सहसा कायमचा राहतो.

भाजल्यावर डॉक्टर चांदीयुक्त मलम देतात, ते बाहेरून लावण्यासाठी. चांदी पिऊन आजार बरा होतो, याला पुरावा नाही. हा प्रयोग घरी करू नका.