फळीवरच्या रेघा

देवणीचं नाव निघालं की लोकांना आमचा गोवंश आठवतो. गुरांच्या बाजारात जाणता माणूस लांबूनच सांगतो, हा वानेरा, हा बालंक्या, हा शेवरा. शेवऱ्याच्या पांढऱ्या अंगावर काळे डाग असतात आणि एकाचे डाग दुसऱ्यासारखे कधी नसतात. धनी आपलं जनावर शंभरांत ओळखतो. ही विद्या क्रिकेटच्या बॅटीलाही लागू पडते, हे मात्र मला निवृत्तीनंतर पुण्यात कळलं.

सहकारनगरात रोहन पाटे यांनी उभारलेलं 'ब्लेड्स ऑफ ग्लोरी' हे क्रिकेटचं संग्रहालय आहे. २०१२ साली सचिन तेंडुलकरच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. नामांकित खेळाडूंनी प्रत्यक्ष सामन्यात वापरलेल्या बॅटी तिथे मांडल्या आहेत. नातू सह्या वाचत होता, मी लाकूड पाहत होतो. बँकेत तीसेक वर्षं नमुना सह्या पडताळल्यावर माणसाचा सहीवरचा विश्वास जरा कमीच होतो! सही काय, कोऱ्या बॅटीवरही करता येते. बॅट खेळली आहे की नाही, हे लाकूडच सांगतं. लाल चेंडूचे तांबूस ठसे, कडेच्या चिरा, टोकाला झालेली झीज आणि मुख्य म्हणजे विलोच्या उभ्या रेघा. दोन बॅटींच्या रेघा तंतोतंत जुळत नाहीत. सामन्याच्या स्पष्ट छायाचित्राशी त्या ताडून पाहिल्या की खरंखोटं उमगतं. स्टिकर आणि मुठीचं रबर बदलता येईल, रेघा कशा बदलणार?

या बाबतीत अमेरिकेतले बेसबॉलवाले आपल्या फार पुढे. तिथला 'हिलरिच अँड ब्रॅड्सबी' हा कारखाना नामांकित खेळाडूंना बनवून दिलेल्या बॅटींच्या वजनामापाच्या नोंदी ठेवत आला. संग्राहक जुनी बॅट हाती आली की त्या नोंदींशी ताडून पाहतात. २००१ पासून तर तिथल्या मेजर लीगने सामन्यातल्या वस्तूंवर क्रमांकाचे होलोग्राम लावायला सुरुवात केली. १९२३ मध्ये बेब रूथने ज्या बॅटीने यँकी स्टेडियमवरचा पहिला होमरन मारला, ती २००४ साली लिलावात साडेबारा लाख डॉलरच्या वर गेली. त्याच रूथची दुसरी एक बॅट मात्र 'अपर डेक' या कंपनीने १९९९ मध्ये चिरली आणि तिच्या चिपळ्या खेळाडूंच्या कार्डांत बसवून विकायला काढल्या. आजीची पैठणी कातरून तिचे हातरुमाल विकण्यासारखाच हा प्रकार.

आपल्याकडेही भाव चढले आहेत. २०११ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात धोनीने वानखेडेवर ज्या बॅटीने शेवटचा षटकार मारला, ती त्याच वर्षी लंडनला एक लाख पौंडांना गेली. पैसा धर्मादाय कामाचा होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण मला राहून राहून भाऊसाहेब निंबाळकर आठवतात. डिसेंबर १९४८, पुणे, महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३. ब्रॅडमनच्या ४५२ धावांच्या विश्वविक्रमाच्या बरोबरीला नऊ धावा उरलेल्या आणि काठियावाडने सामनाच सोडून दिला! निंबाळकरांना अधिकृत कसोटी एकदाही खेळायला मिळाली नाही. लिलावाचा बाजार कसोटीची टोपी पाहून बोली लावतो. ४४३ धावा काढणाऱ्या लाकडाला तो काय भाव देणार?

आमच्या देवणीत बॅट सुतार घडवायचा. बाभळीची, नाहीतर लिंबाची. दोन षटकांत हाताला झिणझिण्या यायच्या. पुढे वर्गणी काढून आम्ही विलोची पहिली बॅट आणली, तेव्हा तिला जवसाचं तेल पाजावं लागतं असं कळलं. घरोघर जवसाची चटणी खाणाऱ्या गावाला तेलाची काय चिंता? ती बॅट अकराही जणांनी वापरली, तडा गेल्यावर सुतळीने आवळून पुन्हा वापरली. पुढे कितीतरी वर्षं ती एका मित्राच्या माळ्यावर पडून होती. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत त्याच्या सुनेने ती सरपणात टाकली. बिचारीला काय ठाऊक! त्याने उचलून पुन्हा वर ठेवली. मी त्याला म्हटलं, नुसती ठेवू नकोस, तिने कोण कोण खेळलं ते वहीत लिहून काढ, सालासकट. अकरांतले आम्ही सहा जण उरलो आहोत. वही मीच नेऊन दिली. दहा नावं लिहून झाली आहेत. यष्टिरक्षक कोण होता, यावर वाद चालू आहे.