मळ्यावरचा मजूर आणि १९३२ चा जमीन मसुदा

३० मे १९३२ रोजी जर्मनीचे चॅन्सेलर हाइनरिश ब्रुनिंग यांना राजीनामा द्यावा लागला. त्यामागे राजधानीतील डावपेच होते, तसाच शेतजमिनीचा एक मसुदाही होता. तो मजूरमंत्री आडाम श्टेगरवाल्ड यांच्या खात्याचा. लहान शेतकऱ्याच्या घरी जन्मलेले, सुतारकाम शिकलेले श्टेगरवाल्ड ख्रिस्ती कामगार संघटनांचे आणि कॅथलिकांच्या सेंटर पक्षाचे नेते होते.

एल्बे नदीच्या पूर्वेला युंकर जमीनदारांच्या विस्तीर्ण मळ्यांवर राबणारा मजूर म्हणजे आपल्याकडील कूळ नव्हे, आणि निव्वळ सालगडीही नव्हे. राहायला मालकाचे घर, बटाट्यांसाठी जमिनीचा तुकडा, गाईला चराई, वर्षाचे धान्य. रोख मजुरी थोडी. बदल्यात बहुतेक ठिकाणी घरातील आणखी एखाद्याने कामाला यायचे. काम सुटले की छप्परही जाई, खरी मेख ती. १९१८ च्या क्रांतीने चाकरांना मालकाच्या मुठीत ठेवणारे जुने नियम रद्द केले. घर मात्र मालकाचेच राहिले.

मंदीत धान्याचे भाव कोसळले आणि मळे कर्जात बुडाले. त्यांना सावरण्यासाठी सरकारची ‘ओस्टहिल्फे’, म्हणजे पूर्व-साहाय्य, योजना होती. श्टेगरवाल्डांच्या मसुद्याचे म्हणणे सरळ होते: जे मळे वाचण्यापलीकडे गेले आहेत ते सरकारने ताब्यात घ्यावेत, प्रसंगी लिलावात, आणि तेथे भूमिहीन व बेरोजगार कुटुंबे वसवावीत. युंकरांनी याला ‘शेतीतला बोल्शेव्हिझम’ म्हटले.

राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग त्या वेळी नॉयडेक येथील आपल्या मळ्यावर होते. तो त्यांना १९२७ मध्ये ऐंशिाव्या वाढदिवसाची भेट म्हणून मिळालेला. देणगीदारांत जमीनदारही होते. ब्रुनिंग यांच्यामागे संसदेत बहुमत नव्हते, कारभार अध्यक्षांच्या सहीच्या अध्यादेशांवर चाले. ती सही थांबली आणि सरकार संपले.

केवळ या मसुद्याने सरकार पडले असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल; जनरल श्लायखर यांची खेळी अधिक निर्णायक होती. शिवाय याच सरकारने अध्यादेशांनी कामगारांचे वेतन कापले होते. मजूर त्याच्या पाठीशी उभा राहील तरी कसा?

नंतरच्या पापेन मंत्रिमंडळात कृषिखाते आले माग्नुस फोन ब्राउन यांच्याकडे. ते स्वतः पूर्वेकडील जमीनदार. पुढे अग्निबाणांमुळे जगप्रसिद्ध झालेल्या वेर्नर फोन ब्राउन यांचे वडील. श्टेगरवाल्डांचा मसुदा बासनात गेला.